आधी पाणी, मग तेल : ठासणीच्या बंदुकीची कळ साफ करताना

खंडेनवमीला आमच्या परभणी जिल्ह्यातल्या चारठाण्यात नांगर, वखर, विळे, कुऱ्हाडी, शिलाई मशीन, मोटारसायकल, सगळं धुऊनपुसून मांडलं जातं. ज्या घरात पीक राखणीची परवान्याची बंदूक आहे, तिथं तीही खुंटीवरून खाली येते. नळीवर हळदीकुंकवाची बोटं उमटतात, दस्त्यावर फूल वाहिलं जातं आणि दसरा झाला की ती तशीच परत खुंटीवर जाते. पाण्यात कालवलेल्या त्या कुंकवाखाली थोड्याच दिवसांत तांबडा गंज धरतो. पूजा जरूर करावी. कुंकू मात्र दस्त्याच्या लाकडावर किंवा बंदुकीखालच्या कापडावर लावावं, आणि बंदुकीचा जो भाग वर्षभर कुणाच्या नजरेला पडत नाही तो त्या दिवशी उघडून पाहावा. तो भाग म्हणजे कळ.

ठासणीच्या बंदुकीत दारू आणि छर्रे तोंडाकडून भरून गजाने ठासतात. नळीच्या बुडाशी निपल असतं, त्यावर टोपी बसते. घोडा टोपीवर आपटतो, टोपीतला मसाला फुटतो, त्याची आग निपलच्या भोकातून आत जाते आणि बार होतो. घोडा आपल्याला बाहेर दिसतो. पण त्याला ताण देणारी, अडवून धरणारी आणि वेळ आली की सोडणारी यंत्रणा दस्त्याच्या कुशीत, लाकूड कोरून बसवलेली असते. पोलादाची एक पाटी. पाटीच्या आतल्या अंगाला घोड्याबरोबर फिरणारा खाचांचा तुकडा, त्याला आपण फिरकी म्हणू. त्या खाचेत नाक अडकवून बसणारी खिटी. घोड्याला जोर देणारी, चिमट्यासारखी दुमडलेली मोठी कमान. खिटीला खाचेकडे दाबत राहणारी लहान कमान. आणि हे सगळं जागेवर धरणारी पुलासारखी पट्टी. चाप ओढला की खिटीची शेपटी वर उचलली जाते, नाक खाचेतून सुटतं आणि मोठी कमान घोड्याला खाली फेकते.

फिरकीला दोन खाचा असतात. पहिली खोल. तिच्यात खिटी बसली की चाप ओढला तरी घोडा पडत नाही, पडता कामा नये. हा अर्धा घोडा. दुसरी उथळ, बार काढण्याची; हा पुरा घोडा. अख्ख्या बंदुकीची सुरक्षितता पहिल्या खाचेच्या काठावर टेकलेली असते, आणि तो काठ ज्वारीच्या दाण्याहून बारीक असतो. तिथं मळ साचला की खिटी पूर्ण आत बसत नाही. वरून बघणाऱ्याला घोडा अर्ध्यावर आहे असं दिसतं, आत मात्र तो कडेवर लटकलेला असतो. कळ साफ ठेवायची ती यासाठी. चकाकीसाठी नाही.

मी स्वतः यात चुकलो आहे. एका सुगीत ज्वारीत डुकरं शिरली म्हणून जागलीवर दोन मोकळे बार काढले. सकाळी बंदूक फडक्याने पुसली, कळीच्या फटीतून भरपूर तेल सोडलं आणि काम झालं असं समजून ती ठेवून दिली. पंधरा दिवसांनी घोडा चढवला तर तो अर्ध्यावर थांबेना. कळ काढली तेव्हा आत तपकिरी चिखल होता आणि त्याखाली खड्डे पडायला लागलेलं पोलाद. एका जुन्या फिटरांना ती दाखवली. ते म्हणाले, "लोणच्यावर तेलाचा थर असतो म्हणून खालचं मीठ जातं का?" माझा सगळा घोटाळा त्यांनी एका वाक्यात उलगडला.

काळी दारू जळते तेव्हा सगळी धूर होऊन जात नाही. तिच्या वजनाचा निम्म्याहून जास्त भाग घन राख होऊन मागे राहतो, आणि त्या राखेत पोटॅशियमचे क्षार असतात. त्यातले काही क्षार हवेतली ओल ओढून घेतात. जुन्या पद्धतीच्या टोपीतल्या मसाल्यात पोटॅशियम क्लोरेट असतं. ते फुटलं की मागे पोटॅशियम क्लोराइड उरतं. हे नाव शेतकऱ्याला नवं नाही. आपण पोत्याने आणतो ते म्युरेट ऑफ पोटॅश हेच. उघड्या पोत्याचं पावसाळ्यात काय होतं आणि त्या पोत्याला टेकलेल्या पत्र्याचं काय होतं, हे प्रत्येकाने पाहिलेलं आहे. तोच क्षार बारीक धूळ होऊन निपलच्या आजूबाजूला, घोड्याच्या तोंडात आणि पाटीच्या फटीतून कळीच्या आत बसतो. तो तेलात विरघळत नाही, रॉकेलमध्ये नाही, पेट्रोलमध्येही नाही. तो विरघळतो पाण्यात. म्हणून आधी पाणी, मग तेल. लोखंडाला पाणी लावायला हात कचरतो, हे खरं आहे. पण पाण्याने गंजतं ते न पुसल्यामुळे. क्षाराने गंजतं ते पुसल्यावरही.

हत्यार हातात घेण्याआधी कागद बघा. १९५९ च्या शस्त्र कायद्याचं तेरावं कलम पीक राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याबद्दल स्पष्ट बोलतं. पण त्याच कायद्याचं पाचवं कलम बंदुकीची दुरुस्ती करणाऱ्यालाही वेगळा परवाना लागतो असं सांगतं. आपल्या परवान्याच्या बंदुकीची धूळ-राख काढणं ही मालकाची रोजची निगा आहे. शेजारच्याची बंदूक घरी आणून खाचा नीट करून देणं, कमान बदलून देणं ही दुरुस्ती आहे, आणि ती परवानाधारक कारागिराकडेच व्हायला हवी. तिथवर बंदूक स्वतः न्या. दुसऱ्याच्या हाती पाठवायची तर परवानाधारकाचं लेखी पत्र सोबत असू द्या, कायद्यात तशी सोय आहे. आणखी एक गोष्ट दरवेळी सांगावी लागते: बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे. काळविटाला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचं संरक्षण आहे. रोही आणि रानडुक्कर पिकाची कितीही नासाडी करत असले तरी त्यांना मारायचं तर वन विभागाची परवानगी हवी. जागलीवर बहुतेक वेळा आवाजच पुरतो.

पहिलं काम, बंदूक रिकामी आहे याची खात्री. ठासणीच्या बंदुकीला मोडून आत बघण्याची सोय नसते, म्हणून "रिकामीच आहे" या कुणाच्याही शब्दाच्या भरवशावर राहू नका, स्वतःच्याही नाही. निपलवर टोपी नाही हे पाहा. घोडा खाली करा. तोंडासमोर हात किंवा चेहरा न आणता, बाजूला उभं राहून गज अलगद नळीत सोडा, आणि तोंडाशी जिथं तो बाहेर येतो तिथं पेन्सिलीने खूण करा. मग गज बाहेर काढून तीच खूण तोंडाशी धरत तो नळीच्या बाहेरून लावा. गजाचं टोक निपलच्या रेषेपर्यंत पोचायला हवं. चार बोटं अलीकडेच थांबलं तर आत काहीतरी आहे. ती दारू असू शकते, आणि कोरडी राहिलेली काळी दारू पिढ्यानपिढ्या निकामी होत नाही. अशी बंदूक घरात उकरत बसू नका. आत काहीही घालू नका, तापवू नका, टोपी लावून "बघू" म्हणू नका. तोंड मोकळ्या दिशेला ठेवून ती बाजूला करा आणि परवानाधारक बंदूक दुकानदाराला किंवा पोलीस ठाण्याला कळवा. वाड्यातल्या माळवदावर, कणगीमागे सापडलेल्या बंदुकीला तर हाच नियम दुप्पट लागू.

काम दिवसाच्या उजेडात, ओसरीत करावं. जवळ दारूचा डबा नको, बिडी नको, चूल नको, लहान पोरं नकोत. अंगाखाली जुनं पांढरं धोतर पसरा. बारीक स्क्रू पडला तर दिसतो. एक पुठ्ठा घ्या, त्यावर कळीचं चित्र काढा आणि ज्या जागेचा स्क्रू त्या जागी पुठ्ठ्याला भोक पाडून त्यात खोचा. हे पोरकट वाटेल, पण जुन्या कळीतले स्क्रू हाताने कापलेले असतात. दिसायला जुळे, आटे मात्र वेगळे. एकाचा स्क्रू दुसऱ्याच्या भोकात जोर लावून बसवला की दोन्ही आटे गेले. काही कारागीर स्क्रूच्या डोक्यावर आणि भोकाशेजारी एक टिंब, दोन टिंबं अशा खुणा करत, भिंगातून शोधा. मोबाइलवर प्रत्येक पायरीचा फोटो काढत जा. आमच्या आधीच्या पिढीकडे ही सोय नव्हती, आपल्याकडे आहे.

सगळ्यांत जास्त बंदुका बिघडतात त्या स्क्रू-ड्रायव्हरने. बाजारातल्या स्क्रू-ड्रायव्हरचं पातं टोकाकडे निमुळतं असतं, त्यामुळे ते खाचेच्या फक्त वरच्या कडेला धरतं आणि जोर लावला की कड फाडून निसटतं. निसटलेलं पातं पाटीवरच्या नक्षीतून ओरखडा काढत जातं आणि तो ओरखडा मग कायमचा. एक जुना स्क्रू-ड्रायव्हर या कामासाठी राखून ठेवा. त्याचं पातं घासून दोन्ही बाजूंनी सरळ, समांतर करा, खाचेच्या लांबीएवढंच रुंद आणि खाचेत गच्च बसेल इतकंच जाड. विजेचा टेस्टर या कामाला नको. जाम झालेल्या स्क्रूवर गंज सोडवणाऱ्या तेलाचा थेंब सोडून रात्रभर ठेवा, सकाळी परत एक थेंब. घाई नाही. दोन दिवस लागले तर लागू द्यात.

कळ काढताना घोडा अर्ध्यावर आणा, म्हणजे तो निपलपासून सुटा होतो. पाटी धरून ठेवणारे आडवे स्क्रू बहुतेक बंदुकांत डाव्या बाजूने आत जातात, एक किंवा दोन. ते एकदम काढू नका. तीन-चार आटे सैल करा, मग स्क्रूच्या डोक्यावर स्क्रू-ड्रायव्हरच्या लाकडी मुठीने हलकेच ठोका. पलीकडून पाटी लाकडातून जराशी वर येते. दुसरा स्क्रू असेल तर तिथंही तसंच. पाटी दोन्ही टोकांनी सारखी उचलली गेली पाहिजे. मग स्क्रू पूर्ण काढा आणि कळ सरळ बाहेर ओढा. पाटीच्या कडेखाली टोकदार काही घालून ती उचकटू नका. चारठाण्याच्या देवळांत दगडाला दगड बिनचुन्याचा बसवलेला आपण पाहतो, सांध्यात पातं शिरत नाही. चांगल्या कारागिराने पाटी लाकडात तशीच बसवलेली असते. एकदा तिथला काठ फुटला की फटीतून राख आत जायला मोकळी वाट होते, आणि मग कितीही साफ करा, मळ पुन्हा येतो.

बाहेर काढलेल्या कळीचा घोडा कधीही फटकन सोडू नका. बंदुकीवर असताना घोड्याला निपल थांबवतं. हातात असताना थांबवायला काही नसतं, सगळा मार फिरकीवर आणि पुलाच्या पट्टीवर बसतो आणि त्या तडकतात. खिटीची शेपटी दाबताना घोडा अंगठ्याने धरून सावकाश खाली आणा.

इथं थांबून आत काय आहे ते फक्त बघा. काळी भुकटी, वाळलेलं तेल, लाकडाचा भुसा, कधी कोळ्याचं जाळं. तांबडी, बोटाला लागणारी भुकटी म्हणजे चालू गंज. काळसर, गुळगुळीत, बोटाला न लागणारा थर म्हणजे जुनं झालेलं पोलाद. तो राहू द्या, तो पुढच्या गंजाला अडवतो. आता ठरवा, कळ पूर्ण खोलायची की आहे तशीच धुवायची? माझं मत ठाम आहे. बहुतेक वेळा खोलायची गरज नसते. जे हलतं आहे, अडकत नाही, त्याचे स्क्रू उगाच उघडू नयेत. प्रत्येक उघडझापीत आटे झिजतात.

धुणं सोपं आहे. स्टीलच्या वाटीत कोमट पाणी घ्या, साध्या साबणाचे दोन-चार थेंब टाका. ही वाटी आणि पुढे लागणारा ब्रश परत स्वयंपाकघरात जाणार नाहीत हे घरात आधी सांगून ठेवा. पूर्ण कळ पाण्यात धरून जुन्या टूथब्रशने घासा. फिरकीच्या खाचा, खिटीचं नाक, कमानीच्या दुमडीची आतली बाजू. धुताना घोडा हाताने धरून दोनचारदा वर-खाली करा, म्हणजे सांध्यातली राख सुटते. पाणी काळं झालं की फेकून नवं घ्या. काळं येणं थांबेपर्यंत. शेवटी स्वच्छ पाण्याने खळबळून घ्या. विहिरीचं पाणी खारट असेल तर शेवटचं पाणी पिण्याच्या फिल्टरचं वापरा.

लगेच पुसा आणि वाळवा. "लगेच" म्हणजे चहा पिऊन आल्यावर नव्हे. एप्रिल-मेच्या उन्हात कळ पत्र्यावर ठेवली की लवकर कोरडी होते. श्रावण-भाद्रपदात ऊन नसतं आणि हवाच ओली असते, तेव्हा केस वाळवायचा ड्रायर वापरा. हाताला सोसेल एवढीच ऊब हवी. चुलीवर, तव्यावर, गॅसच्या ज्योतीवर कळ कधीही धरू नका. कमानीचं पाणी उतरतं, म्हणजे तिचा ताव जातो, आणि ताव गेलेली कमान एक तर वाकून राहते, नाही तर तुटते. ती परत मिळवणं सोपं नसतं.

आता तेल. या बाबतीत आपल्या भागात एक जुनी चूक पिढीजात चालत आली आहे. घरात करडईचं तेल असतं, तेच कोयत्याला, बिजागरीला आणि बंदुकीला. करडई हे परभणीचं पीक, इथल्या कृषी विद्यापीठाने तिचे वाण काढले. खायला ते तेल उत्तम. पण करडईचं आणि जवसाचं तेल हवेत सुकतं. सुकून त्याची पिवळी चिकट साय होते, पुढे वार्निशासारखा कडक थर. म्हणून तर ही तेलं रंगात वापरतात. कळीत असा थर बसला की खिटी खाचेत पडायला उशीर लावते, आणि गारठ्यात तर ती चिकटूनच बसते. जवसाचं तेल दस्त्याच्या लाकडासाठी सोनं आहे. चार थेंब तळहातावर घेऊन लाकडावर चोळा, दुसऱ्या दिवशी कोरड्या फडक्याने घासा. कळीला मात्र नको. खोबरेल थंडीत थिजतं आणि पुढे खवट होऊन चिकटतं, म्हणून तेही नको. कळीला शिलाई मशीनचं पातळ तेल. सुईच्या टोकावर एक थेंब घ्या: फिरकी जिथं पाटीत फिरते तिथं एक, खिटीच्या स्क्रूला एक, कमानीचं टोक फिरकीला जिथं घासतं तिथं एक. बाकी सगळ्या पृष्ठभागावर तेलाच्या फडक्याचा नुसता हात. तेल ओघळताना दिसलं तर ते जास्त झालं. जास्तीचं तेल लाकडात मुरतं, लाकूड काळं आणि मऊ पडतं, आणि कळीमागचं लाकूड मऊ झालं की पाटी डुगडुगायला लागते.

काही गोष्टी अजिबात करू नयेत. पितळेच्या भांड्यासारखी कळ चिंचेने किंवा लिंबाने घासू नये. आंबट पदार्थ पोलाद खातो आणि सांध्यात राहून नंतरही खात राहतो. पॉलिश पेपर, विटेची भुकटी, वाळू नको. आणि खाचेला कानस तर मुळीच नको. "चाप जड आहे, जरा हलका करून दे" असं म्हणून खाच घासून घेणारे लोक मी पाहिले आहेत. खाचेचा काठ बहुधा वरून पातळ कडक केलेला असतो, आत पोलाद मऊ असतं. कानशीचे चार हात मारले की कडक साल गेली, आणि त्यानंतर तो काठ दर खेपेला झिजत जातो. एके दिवशी खांद्यावरच्या बंदुकीचा घोडा आपोआप पडतो.

चाप जड होण्याचं कारण बरेचदा कळीत नसतंच, लाकडात असतं. पावसाळ्यात दस्ता फुगतो. खिटीच्या शेपटीला लाकडात जी मोकळी जागा कोरलेली असते ती आक्रसते, शेपटी भिंतीला घासते आणि चाप ओढल्यावर परत येत नाही. कळ काढल्यावर त्या कोरीव जागेत एखादा चकचकीत किंवा काळा घासलेला डाग दिसला तर निदान झालं. चाकूने लाकूड खरवडू नका. कळ बाहेर ठेवून दस्ता घरात, सावलीत, वारा लागेल असा आठवडाभर उभा करा. लाकूड बहुतेक वेळा आपलं आपण मागे सरकतं. उन्हाळ्यात याच्या उलट होतं. लाकूड सुकतं, आडवे स्क्रू सैल वाटतात, आणि माणूस ते करकचून आवळतो. पाटी आत दबते, कळ आवळली जाते, आणि पहिल्या पावसात फुगलेलं लाकूड तिथंच चिरतं. स्क्रू बसला, हाताला थांब जाणवली, तिथं थांबा.

कळ पूर्ण खोलायचीच वेळ आली, म्हणजे धुऊनही ती अडकते आहे, किंवा पुलाच्या पट्टीखाली गंज दिसतो आहे, तर आधी मोठी कमान निघते आणि तीच सगळ्यांत धोक्याची. काही कळींत ती घोड्याच्या पुढे नळीखाली असते, काहींत मागे, जिथं आपण बंदूक मुठीत धरतो तिकडे. दोन्हींत तत्त्व एकच. घोडा पुरा चढवून कमान आपोआप दबली की त्याच अवस्थेत ती कमानीच्या शिकंज्यात पकडायची, मग घोडा हाताने धरून सावकाश खाली सोडायचा. कमान सैल पडते आणि शिकंज्यासकट बाहेर येते. साध्या पकडीने हे करू नका. निसटलेली कमान डोळा घेऊन जाते. शिकंजा आणि डोळ्यांवर चष्मा नसेल तर इथंच थांबून परवानाधारक कारागीर गाठा. कमान निघाल्यावर लहान कमान, मग पुलाची पट्टी, मग खिटी, आणि शेवटी घोडा व फिरकी. घोडा फिरकीच्या चौकोनी दांड्यावर घट्ट बसवलेला असतो. त्याला स्क्रू-ड्रायव्हरने उचकटायचं नाही. स्क्रू काढल्यावर पितळी कांडीने फिरकीचा दांडा हलके ठोकून तो आतल्या बाजूने बाहेर काढायचा. बसवताना हाच क्रम उलटा.

गारेची बंदूक आता कुणी पिकावर वापरत नाही, पण काही वाड्यांत आहे. तिच्या घोड्याच्या जबड्यात गार असते आणि ती पोलादी पत्र्यावर घासून ठिणग्या पडतात. ठिणगी गारेची असते असं आपण समजतो. खरं तर गार पोलादाचे बारीक कण खरवडते आणि ते कण जळतात. त्यामुळे ठिणगी कमी झाली तर गारेबरोबर पत्रा झिजला आहे का तेही पाहावं. टोपीची पद्धत त्यानंतरची. अलेक्झांडर फोर्सिथ या स्कॉटिश पाद्र्याने १८०७ मध्ये फुटणाऱ्या मसाल्याने बार पेटवण्याचं पेटंट घेतलं आणि टोपी त्यातूनच पुढे आली. निजाम राज्यातल्या जुन्या घराण्यांत तोडेदार म्हणजे जळत्या वातीच्या, गारेच्या आणि टोपीच्या, तिन्ही तऱ्हेच्या बंदुका एकाच भिंतीवर टांगलेल्या असत. त्यांच्या पाट्यांवरची वेलबुट्टी, एखादा कारागिराचा छाप, फारसीत कोरलेला आकडा हा आपला इतिहास आहे, आणि तो पॉलिश पेपरने एका दुपारीत पुसला जातो. अशा बंदुकीवर कोरडा मऊ ब्रश आणि तेलाचा हात, एवढंच करा. शस्त्र कायद्याच्या पंचेचाळिसाव्या कलमात जुन्या किंवा मोडक्या शस्त्रांना सूट आहे, पण ती दुरुस्त करूनही चालू शकत नाहीत अशांनाच. हौसेने कळ चालू केलीत तर सूट गेली. कागद नसलेली बंदूक घरात निघाली तर साफसफाईच्या आधी पोलीस ठाणे.

कळ परत बसवली की तीन गोष्टी तपासा, रिकाम्या बंदुकीवर, निपलवर चामड्याची घडी ठेवून. घोडा अर्ध्यावर आणून चाप जोरात ओढा. घोडा हलता कामा नये. घोडा पुरा चढवून मागून अंगठ्याने पुढे ढकला. तो सुटता कामा नये. मग घोडा अंगठ्याने धरून चाप ओढा आणि सावकाश खाली आणा. मध्ये कुठं खरखर, अडथळा लागतो का ते बोटाला कळतं. पहिल्या दोन्हींपैकी एकात जरी घोडा सुटला तर त्या बंदुकीत दारू भरायची नाही. थोडं सुटतं, चालेल, असं यात काही नसतं. उघड्या निपलवर रिकामा घोडा पुन्हा पुन्हा आपटू नका. निपलचं तोंड पसरतं आणि टोपी नीट बसत नाही.

बार काढलेल्या दिवशी निपल, घोड्याचं तोंड आणि नळी त्याच रात्री धुवा, सकाळची वाट पाहू नका. कळ दर बारानंतर काढायची गरज नाही. मृगाच्या आधी एकदा, खंडेनवमीला एकदा आणि सुगी संपल्यावर एकदा, एवढं पुरे. बंदूक चामड्याच्या किंवा रेक्झिनच्या पिशवीत वर्षभर ठेवू नका, पिशवी ओल धरते. सुती कापडात सैल गुंडाळून, कुलपाच्या कपाटात ठेवा, मोठ्या कमानीवर ताण राहणार नाही अशी, घोडा निपलवरच्या चामड्यावर टेकवून. आणि खताच्या खोलीत तर कधीच ठेवू नका. तिथं पोटॅश, युरिया आणि पावसाळी हवा तिघं मिळून जे करतात ते बाराच्या राखेपेक्षा वेगळं नाही.

निवडणुका आल्या की छाननी समितीच्या निर्णयानुसार काही परवानाधारकांना बंदुका जमा कराव्या लागतात. आदल्या दिवशी कळ काढा, धुवा, वाळवा, तेलाचा हात द्या, निपलमध्ये तेलाची बारीक बोळी ठेवा आणि ट्रिगर-गार्डला कागदाची चिठ्ठी बांधा: नळी रिकामी, तेल अमुक तारखेला. पावतीवर बंदुकीचा क्रमांक बरोबर आहे ना ते बघा. परत घेताना तिथंच, नळी खाली करून, घोडा अर्ध्यावर आणा आणि चाप ओढून बघा. तो धरला तर सही करा. घरी आल्यावर तेलाची बोळी काढायला विसरू नका.